परिच्छेद सतरा

फळ्यावर काढलेला माणूस आपणच आहोत हे अण्णासाहेबांना जरा उशिरानंच कळलं. आधी वाटलं, पोरांनी कुत्रं काढलंय. तोंडात काहीतरी धरलेलं, डोळे बटाट्याएवढे. मग मिशा दिसल्या, दोन्ही मनगटांना जोडणारी वेटोळी दिसली, कमरेपासून फळ्याच्या कडेपर्यंत गेलेला दोर दिसला, आणि तोंडात आहे ती चप्पल हे तिच्या पट्ट्यावरून ध्यानात आलं. खाली इंग्रजीत आडनाव. हिवराळे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आपलं आडनाव इंग्रजीत कसं दिसतं ते तीसेक वर्षांत चांगलं पाठ झालेलं. जालन्याच्या त्या लॉ कॉलेजच्या व्हरांड्यात खिडकीचा गज धरून ते उभे होते. हातात पिशवी, पिशवीत लेकीसाठी ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा आणि यष्टी राजूरला थांबली तेव्हा घेतलेले पेरू. जाफराबादहून एवढी हाडं खिळखिळी करत ते आल्ते ते लेकीनं मागितलेल्या सहीला एकच शब्द सांगायला. नाही. फोनवरही सांगता आला असता, पण नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं, असा त्यांचा जन्माचा हट्ट. आता तेच तोंड फळ्यावर होतं आणि त्यात चप्पल होती.

वर्गात पोरं गलका करत होती. तेवढ्यात पुढच्या दारानं मोनाली आत आली. त्यांची लेक. लग्नानंतरचं आडनाव लावायची, त्यामुळं ह्या पोरांना ती कोणाची कोण ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिनं फळ्याकडं पाह्यलं. रागावली नाही. डस्टर घेतलं, आधी खालचं नाव पुसलं, मग वरचा माणूस. एक पोरगा हसत म्हणाला, "मॅडम, लक्षात राहावं म्हणून काढलं. केसेस लई आहेत. चित्र काढलं की डोक्यात बसतंय. हिवराळे म्हटलं की चप्पल." "बसला ना डोक्यात? मग सांग, निकाल काय?" पोरगा घडाघडा बोलला: बेडी हा नियम नाही, अपवाद आहे, मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय आरोपीला बेड्या घालून बाजारातून फिरवणं म्हणजे एकविसाव्या कलमाचा भंग, माणसाची प्रतिष्ठा अटकेनं संपत नाही. बराबर बोलला. एक शब्द चुकला नाही. मग मोनालीनं निकालातला परिच्छेद सतरा वाचला, टाइमटेबल वाचावं तसा. आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मॅडम, एक डाऊट. चप्पल नेमकी कोणाची होती? म्हणजे त्याची, का पोलिसाची?" सगळा वर्ग फुटला. हसू म्हणजे काय, पोरी तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. मोनालीनं हसू ओसरू दिलं आणि म्हणाली, "त्याची स्वतःची. पॅरा सेव्हन्टीन नीट वाचत जा. पुढं."

पुढं! अण्णासाहेबांनी गज सोडला. हाताला गंज लागला होता तो धोतराला पुसला आणि ते जिना उतरून खाली आले. कॉलेजच्या आवारात एक लिंबाचं झाड होतं, त्याला कोण्या आमदाराच्या कृपेनं सिमेंटचा ओटा बांधलेला. त्यावर बसले. राग आला होता, पण तो कोणावर काढावा ते सुधरत नव्हतं. पोरांवर? पोरं तर बिचारी परीक्षेच्या पोटी करून राह्यली. लेकीवर? ती म्हणाली असती, "गप बसा रे, तो माझा बाप आहे," तर त्यांना बरं वाटलं असतं का? खरं सांगायचं तर त्यांना ते नको होतं. आणि ती म्हणाली नाही हेही नको होतं. पण सगळ्यात आत जे रुतलं होतं ते हसणं नव्हतंच. मागच्या बाकावरच्या त्या टारगट पोराचा प्रश्न होता. चप्पल कोणाची? अरे, हा प्रश्न न्यायमूर्तींनी विचारला नाही, सरकारी वकिलानं विचारला नाही, पेपरवाल्यांनी विचारला नाही, हार घालणाऱ्या एकाही पुढाऱ्यानं विचारला नाही. विचारला तो ह्या मुडद्यानं, खिदळत. आणि उत्तर मिळालं चुकीचं.

ते दिवस नामांतराचे. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देतो देतो म्हणत सरकारनं पोरांची अर्धी उमर खाल्ली होती. अण्णासाहेब तेव्हा तरणेताठे, दोन एकर कोरडवाहू आणि हंगामात तालुक्याच्या जिनिंगवर कापसाचे गठ्ठे उचलायचं काम. एका संध्याकाळी वस्तीतल्या पाच-सहा जणांनी जिनिंगच्या लांबलचक भिंतीवर गेरूनं विद्यापीठाचं नवं नाव लिहिलं. हातभर एकेक अक्षर. लिहिणारे सगळे, पण अक्षर चांगलं म्हणून शेवटी कुंचा अण्णासाहेबांच्याच हातात आला. शाळेत मास्तरांनी त्यांच्या वळणाची तारीफ केल्ती, तीच भोवली. दुसऱ्या दिवशी बाजार होता. त्यांच्या बायकोच्या, चांगुणाच्या पायात पऱ्हाटीचं, कापसाच्या झाडाचं, खुंट घुसलं होतं, जखम चिघळली होती, आणि बाई अनवाणीच वेचणीला जायची. ते बाजाराला निघाले तेव्हा त्यांनी सुतळीनं तिच्या पायाचं माप घेतलं. ती लाजली होती. "अवो, कोणी बघंल ना," म्हणाली, पण पाय काढून नाही घेतला. बाजारात त्यांनी चपला घेतल्या त्या सुतळीवर मोजून, लाल पट्ट्याच्या, पट्ट्यावर हिरव्या दोऱ्याचं फूल. पिशवीत टाकल्या, आणि चार पावलं गेले नाहीत तो मानगुटीवर हात पडला. फौजदार म्हणाला, "भिंतीवर तूच ना रे? अक्षर लई झ्याक हाय तुझं." बेड्या घातल्या, कमरेला दोर बांधला. इथवर परिच्छेद सतरा बिलकुल बराबर आहे. मग फौजदारानं पिशवीत हात घातला. एक चप्पल वर काढली, उलटीसुलटी करून पाह्यली, आणि म्हणाला, "नवी कोरी हाय की. नाव लिहायची हौस हाय ना? मंग हे घे, धर दातात. टाकली तं वस्तीतलं एकूणएक पोरगं उचलतो." आणि त्यांनी धरली. बाजाराच्या एका टोकापासून ठाण्यापर्यंत धरली.

त्या चवीबद्दल ते आजवर कोणाजवळ बोलले नव्हते. अपमान म्हणजे काय ते निकालात फार थोर शब्दांत लिहिलंय, वस्तीतल्या राजानंद सरांनी त्याचं मराठीही मोठं झोकदार केलंय, पण चव त्यात कुठं नाही. कोऱ्या चामड्याची खारट, उग्र, आणि चिकटवायच्या सोल्युशनची गोडसर, मळमळवणारी. दातांना पट्टा लागत होता, हिरवं फूल नेमकं जिभेखाली. लाळ गळत होती, हात बांधलेले, पुसता येत नव्हती. पहिल्यांदा बाजार गप झाला. एका भाजीवालीच्या हातातला तराजू तसाच लोंबकळत राह्यला, तिनं तोंड फिरवलं. ती बाई त्यांना अजून देवीसारखी आठवते. मग चहाच्या हाटेलातून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि एकानं हसायची वाट काढून दिली की बाकीच्यांना काय, सोपं असतं. आज वर्गात जे हसू त्यांनी ऐकलं ते अगदी तेच होतं, तसंच, आधी एक मग सगळे. त्यांनी ओट्यावर बसल्या बसल्या जीभ दातांवरून फिरवली. तोंड कोरडं पडलं होतं. पिशवीतला पेरू काढला, चावला, आणि तसाच ठेवून दिला.

ती चप्पल पोलिसांनी मुद्देमाल म्हणून ठेवून घेतली. काय तर म्हणे मुद्देमाल! पिशवीत राह्यलेली दुसरी घरी आली. चांगुणानं ती हातात घेतली, दोऱ्याचं फूल अंगठ्यानं चाचपलं, आणि कुठंतरी ठेवून दिली. कुठं ते तेव्हा त्यांनी विचारलं नाही. पुढं जामीन झाला, विद्यापीठाला नावही मिळालं, अर्धंमुर्धं का होईना, लोकांनी दिवे लावले. औरंगाबादचे एक वकील वस्तीत आले, म्हणाले, रिट करू. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ज्याला बाजारातून चालवलंय त्याला पायरीचं काय भय? वकील भला माणूस, फी घेतली नाही. वकिलांच्या घरी ओसरीत बसून अण्णासाहेबांनी सगळी हकिगत सांगितली, शेजारी चांगुणा पदर सावरून बसलेली. चप्पल बायकोची होती म्हटल्यावर वकिलांनी लिहिता लिहिता पेन थांबवला. "पत्नीची? तिला कशाला मधे आणायचं? मग समोरचा विचारणार, ती कुठं होती, चप्पल पिशवीत कशी, पावती कुठंय. स्वतःची लिहू. स्वतःची चप्पल म्हटलं की अपमान कसा थेट लागतो." चांगुणा हळूच म्हणाली, "पर ती माझी व्हती ना वो, साहेब." वकील तिच्याकडं पाहून मायेनं हसले. "बाई, त्यानं काही फरक पडत नाही." आणि अण्णासाहेबांनी मान डोलवली. शिकलेल्या माणसानं सांगितलं होतं, त्यांच्या भल्याचं सांगितलं होतं. त्यांनी न डोलवून काय करायचं होतं? हायकोर्टानं निकाल दिला तो दणदणीत. त्या दिवसापासून हिवराळे हे आडनाव राह्यलं नाही, कायदा झाला. कुठल्या कुठल्या कोर्टात काळे कोट उठून म्हणू लागले, हिवराळे बघा, हिवराळे लागू होतो. फौजदाराचं पुढं काय झालं? बढती झाली, दुसरं काय होणार.

आणि मग वस्तीनं निकाल दिन सुरू केला. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली तर त्याला खोटी वाटेल. पण बाबासाहेबांनी कायदा दिला आणि कायद्यानं आपल्यातल्याच एकाच्या बाजूनं कौल दिला, तर तो वाचायचा नाही तर काय वाचायचं, असा विचार. दर फेब्रुवारीला विहारात वंदना झाली की भोंगा लागायचा आणि राजानंद सर, तेव्हाचे तरुण मास्तर, निकालाचं आपण केलेलं मराठी पहिल्या ओळीपासून वाचायचे. लोक मांडी घालून ऐकायचे, म्हाताऱ्यांना तोंडपाठ झालं होतं. परिच्छेद सतरा आला की बायका पदरानं डोळे पुसायच्या, आणि त्यापुढची ओळ, म्हणजे 'अशा कृत्यानं एका माणसाचीच नव्हे तर प्रजासत्ताकाची मान खाली गेली' ही, आली की टाळ्यांचा कडकडाट. अण्णासाहेब पुढं खुर्चीवर, गळ्यात झेंडूचा हार. निकालवाले अण्णासाहेब! पाहुण्यांत, लग्नाच्या मांडवात, मंठ्यापासून जाफराबादपर्यंत त्यांची ओळख तीच. छाती फुगायची त्यांची, खोटं कशाला बोला. फक्त चांगुणा एका वर्षीही विहारात आली नाही. निकाल दिन आला की ती हरभरा सोंगायला जायची. आपल्यात हरभरा नसला तर दुसऱ्याच्या रानात, रोजानं. एकदा ते भडकले. "सारी वस्ती येती, अन् तुलाच काय धाड भरली?" ती विळ्याला धार लावत होती. म्हणाली, "तुमच्या तोंडात चप्पल घातली ते दरसाल भोंग्यावर वाचत्यात. अन् तुम्ही हार घालून ऐकता. मला न्हाई ऐकवत." "तुला निकाल कळत न्हाई, चांगुणा." "न्हाई कळत. मला माझी चप्पल कळती." आणि विळा घेऊन गेली. त्या दिवशी भोंग्याचा आवाज तिच्यापर्यंत, रानात, जात असणार. ह्याचा विचार त्यांनी केला तो पार ती गेल्यावर. दोन वर्षांमागं, मूत्रपिंडाच्या दुखण्यानं. नंतर सामान आवरताना मोनालीला तिच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एकच चप्पल सापडली, वाळून लाकूड झालेली. "दादा, ही एकच कशी?" तिनं विचारलं होतं. "असू दे," ते म्हणाले होते.

"दादा? वर का न्हाई आलात?" मोनाली समोर उभी होती, खांद्याला पर्स, बोटांना खडू. एकाएकी ती किती थकलेली दिसते हे त्यांना जाणवलं. ती ओट्यावर बसली, पिशवीत डोकावली. "ठेचा आणला का? माय करायची तसा?" "तसा कुठला. शेजारणीनं करून देल्ला." त्यांनी पिशवी तिच्याकडं सरकवली. मग ते म्हणाले, "वर आल्तो मी. खिडकीत उभा व्हतो." तिनं ठेच्याच्या डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "मंग पाह्यलं तुम्ही." "पाह्यलं. मिशा बऱ्या काढल्या व्हत्या." हे बोलताना त्यांना वाटलं, आपण चेष्टेवारी नेलं तर तीही नेईल. पण तिचे डोळे भरले. "दरसाल काढत्यात दादा. दर बॅचला कोणी ना कोणी काढतंच. म्हणून तं मी अर्ज करू म्हणून राह्यले. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलंय, खासगीपणा हा मूलभूत हक्क हाय. त्याच्या आधारानं नेटवरच्या निकालातून नाव झाकून मिळतंय. निकाल तसाच राहील, कायदा तसाच राहील, फक्त तुमचं नाव जाईल. तुमची एक सही पायजे."

"नाव लिहिलं म्हणून मला बाजारातून नेलं व्हतं, मोने," अण्णासाहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी यष्टीत पाच-पंचवीस वेळा घोळवलं होतं. "अन् आता नाव पुसाया तू मला सही मागती. तेबी कायद्यानं. तुला बापाची लाज वाटती असं सरळ म्हण ना." "लाज?" ती एकदम उसळली, आवारातली दोन पोरं वळून पाहायला लागली तसा तिनं आवाज खाली घेतला. "दादा, मी दरसाल दर वर्गात तुम्हाला तोंडात चप्पल धरायला लावते. पगार घेऊन. हसले तं थांबते, अन् हसू संपलं की पुढं म्हणते. तुम्ही माझे कोण हे सांगितलं तं पोरं त्या दिवसापुरती गप बसतील अन् दुसऱ्या दिवशी माझ्याकडं पाहून हसतील. त्या फौजदाराचं नाव कोणाच्या तोंडी न्हाई. कोणालाच ठाऊक न्हाई त्याचं नाव. तुमचंच का राहावं त्या चपलीखाली?" त्यांना चांगुणाच बोलल्यासारखी वाटली, फक्त शिकलेली. त्यांनी पेरू हातात घेतला, परत ठेवला. आणि ज्या गोष्टीचा त्यांनी सकाळपासून विचारही केला नव्हता तीच तोंडातून निघाली. "तुझ्या मायच्या पेटीत चप्पल सापडली व्हती ना तुला. एकच."

त्यांनी सगळं सांगितलं. सुतळीचं माप, लाल पट्टा, हिरवं फूल, वकिलाचा थांबलेला पेन. मोनाली ऐकताना ओट्याच्या सिमेंटवर खडूनं रेघ ओढत राह्यली, एकावर एक, जाड होईपर्यंत. शेवटी म्हणाली, "म्हंजे मी इतके वर्षं चुकीचं शिकवलं." "मंग आता बराबर कर," अण्णासाहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एकदम जोर आला, जिनिंगच्या भिंतीपुढं होता तसा. "अर्जच करायचा हाय ना? मंग ह्याचा कर. नाव राहू दे न्हाई तं जाऊ दे, पर चप्पल त्याची स्वतःची न्हाई, त्याच्या बायकोची, चांगुणाबाईची, एवढं लिहून घे. एकच शब्द हाय. मंग मी म्हणशील तिथं सही करतो." ती त्यांच्याकडं पाहत राह्यली. वकिलांनी चांगुणाकडं पाह्यलं होतं तीच माया तिच्या तोंडावर आली. "दादा, ते व्हत न्हाई. इतक्या वर्षांनी न्हाई. निकालात जे तथ्य म्हणून एकदा बसलं ते बसलं. नाव झाकता येतं. तथ्य बदलता येत न्हाई." "खोटं असलं तरी?" "खोटं असलं तरी."

वर कुठल्याशा वर्गात पुन्हा हसू फुटलं, दुसऱ्याच कशावरून तरी. अण्णासाहेब ऐकत बसले. तीस वर्षं ज्या कागदाला त्यांनी दैवत मानलं त्यात त्यांची बायको नाही. तिचा पाय नाही, तिचं खुंट नाही, तिची चप्पलसुद्धा तिची नाही. आणि ते तिथं हार घालून बसले होते, एकटेच. थू त्या हाराला. "आण तो कागद," ते म्हणाले. मोनाली दचकली. "दादा, विचार करा हवा तं. घाई न्हाई." "आण म्हटलं ना. चांगुणा न्हाई त्यात, मंग म्या बी न्हाई. काढ माझं नाव. जल्दी काढ." त्यांनी ओट्यावर कागद ठेवून, त्याच वळणदार अक्षरात सही केली. मोनाली रडत होती. तिला वाटलं असेल, बापानं आपल्यासाठी केलं. तिचा तो समज त्यांनी राहू दिला. मग दोघांनी तिथंच भाकरी खाल्ली. ठेचा जास्तीच तिखट होता.

आदेश झाला तो हिवाळ्यात. मोनालीनं फोनवर वाचून दाखवला: याचिकाकर्त्याचं नाव सर्व ठिकाणी झाकावं, त्याऐवजी अबक असं लिहावं, त्याची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध करू नये. अण्णासाहेब "बरं" म्हणाले. त्यांना वाटलं होतं, हे जालन्याच्या फळ्यापुरतं, नेटपुरतं. वस्तीला त्याचं काय? पण वस्तीला त्यांनी ओळखलंच नव्हतं. कायद्याला उभा देश वाकवील, बगल देईल, खिशात घालील. ही वस्ती कायदा वाचते आणि पाळते. फेब्रुवारीत ते नेहमीसारखे धुतलेलं धोतर नेसून विहारात गेले तर दारावरचा फलक बदललेला. 'हिवराळे निकाल दिन' ऐवजी नुसता 'निकाल दिन'. पुढं खुर्ची नव्हती. हारही नव्हता. राजानंद सर, आता रिटायर, केस पांढरे, दारातच त्यांना आडवे आले आणि कानाशी लागून म्हणाले, "काका, आदेश मी शब्दन् शब्द वाचला. तुम्हाला पुढं बसवलं तं ओळख उघड व्हती. कोर्टाचा अवमान. तवा तुम्ही आपले मागं, लोकांत बसा. राग नका मानू." राग कसा मानायचा? ह्या माणसानं आयुष्यभर त्यांच्यासाठी भोंग्यावर घसा फोडला होता, आणि आज इतक्या वर्षांच्या त्या हस्तलिखितापुढं बसून, पट्टी लावून, एकेक हिवराळे खोडून वर अबक लिहिलं होतं. वस्तीतले लोकही कसे, आज कोणी त्यांच्याकडं पाहत नव्हतं. पाहायचं नाही असं ठरवून न पाहणं काय असतं ते त्यांना बाजारातल्या त्या भाजीवालीपासून ठाऊक होतं. ते मागच्या सतरंजीवर भिंतीला टेकून बसले. बायकांच्या रांगेत मोनाली होती. ती कित्येक वर्षांनी निकाल दिनाला आल्ती, आईची पांढरी साडी नेसून.

वंदना झाली. भोंगा खरखरला. राजानंद सरांनी पहिली ओळ वाचली: "अबक विरुद्ध महाराष्ट्र राज्य." अण्णासाहेबांना वाटलं, कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. सर वाचत गेले, त्यांचा आवाज अजून खणखणीत. अबकला बाजारात धरलं, अबकच्या हातात बेड्या घातल्या, अबकच्या कमरेला दोर बांधला. परिच्छेद सतरा आला. बायकांचे पदर डोळ्यांकडं गेले. "आणि याचिकाकर्ता अबक याच्या तोंडात त्याची स्वतःची चप्पल..." अण्णासाहेब उठून उभे राह्यले. भिंतीला हात लावावा लागला. "राजानंद," ते म्हणाले, "त्याची स्वतःची न्हाई ती. चांगुणाची व्हती. मीच घेतली व्हती, सुतळीनं माप घेऊन. चांगुणाबाईची चप्पल व्हती ती. तेवढं वाच." राजानंद सरांनी माइकवर तळहात ठेवला. त्यांचा चेहरा घाबरला होता, खरोखरच घाबरला होता. "काका, बसा. ओळख पटंल असं कोणीच बोलायचं न्हाई. तुम्ही तं बिलकुल न्हाई." पुढच्या रांगेतला एक म्हातारा, जो त्यांच्याबरोबर भिंत रंगवायला होता, मागं न वळता म्हणाला, "बस बाबा, बस. अवमान व्हईल. अन् ते निकालात न्हाई." चारदोन आवाज त्यात मिसळले. बसा, बसा. मोनाली उठायला गेली होती. अर्धवट उठली, इकडंतिकडं पाह्यलं, आणि पुन्हा बसली. अण्णासाहेबही बसले. जिभेखाली खारट आलं, त्यांनी ते गिळलं.

सरांनी माइकवरचा हात काढला, चष्मा नीट केला आणि ती ओळ सुरुवातीपासून पुन्हा वाचली. त्याची स्वतःची चप्पल. मग पुढची ओळ, एका माणसाचीच नव्हे तर प्रजासत्ताकाची मान. दरसाल जिथं पडायच्या तिथंच टाळ्या पडल्या, पत्रे थरथरले. मोनालीनं वाजवल्या नाहीत. अण्णासाहेबांनी वाजवल्या.